गाडीपुढे सात पावलांवर

"मॅडम, आता गाडी माया अंगावर आना."

उकंडभाऊ पहिल्याच भेटीत मला हे म्हणाले. त्याआधी त्यांचं अगदी पहिलं वाक्य होतं, "उजवी चप्पल दाखवा." मी मुकाट्याने चप्पल काढून दाखवली. त्यांनी ती उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला, चवड्यापाशी झिजलेलं रबर पाहिलं आणि परत माझ्या पायापुढे ठेवली. "तुमी ब्रेकवर पाय ठिवूनच गाडी चालवता," ते म्हणाले. एका अनोळखी माणसाने चपलेवरून माझं चारित्र्य ओळखावं याचा मला राग आला, आणि ते खरं असल्यामुळे जास्तच आला.

तेव्हा मी अमरावतीत राहून अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवत होते. रोज सकाळी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत जायचं आणि उन्हं कलता कलता परत यायचं. एवढ्या रस्त्यावर बाईचा खरा नातेवाईक म्हणजे ब्रेक. एक दिवस पुढच्या चाकातून पाटीवर नख ओढावं तसा आवाज यायला लागला. गाडी मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे मला काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली, आणि अर्ध्या तासाने टाय लावलेला एक तरुण यादी घेऊन आला: पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड, मागचे लायनर, सगळंच. मी म्हटलं, मला बघू द्या. तो म्हणाला, आत कस्टमरला परवानगी नाही. मी वकिलाच्या घरात वाढलेली. बंद दाराआड आपलं काय ठरतंय ते कळल्याशिवाय सही करायची नाही, एवढं मला शिकवलेलं होतं. मी किल्ली मागितली आणि निघाले. कॉलेजातल्या शिपायाने बडनेऱ्याच्या जुन्या रस्त्याचा पत्ता दिला.

पत्त्यावर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं लांबलचक आवार होतं. कडुनिंबाखाली टिनाचं शेड, आणि शेडवर हाताने रंगवलेली पाटी: 'फक्त ब्रेक'. पुढे नाव नाही, फोन नाही.

उकंडभाऊंनी चाक काढलं आणि मला हाक मारली. "इकडं या. बसा इथं. पाहा." गाडीचा मालक म्हटला की त्याने चाकापाशी उकिडवं बसलंच पाहिजे, मग तो प्राध्यापक असो की फौजदार. मला मात्र त्यांनी कापसाच्या जुन्या गठ्ठ्याचं पोतं दुमडून बसायला दिलं. डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्या फटीत हरभऱ्याएवढा खडा अडकलेला होता. त्यांनी तो स्क्रू-ड्रायव्हरने उडवला, शोधून उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हे घ्या. हे होतं तुमचं मोठं काम."

तो खडा पुढे कित्येक वर्षं माझ्या गाडीत, गिअरसमोरच्या खणात पडून होता.

यानंतर ते गाडी अंगावर आणायचं वाक्य आलं. आवाराच्या मध्यावर जमिनीवर चुन्याची एक रेघ ओढलेली होती. उकंडभाऊ त्या रेघेपासून सात पावलं मोजून पुढे गेले, हातात चहाचा कप घेतला आणि माझ्याकडे पाठ फिरवून उभे राहिले. मी गाडी आवाराच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, तिथून चांगल्या वेगाने आणायची आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. गाडी थांबली, की ते न वळता विचारत, "थांबली?" आपण "थांबली" म्हटलं, की मगच वळत. आपलं उत्तर येईपर्यंत ते वळत नसत, आणि वळल्याशिवाय किल्ली आपली होत नसे.

पहिल्या वेळी मी रेघेच्या बरीच अलीकडे थांबले. "भाऊ, निदान तोंड तरी इकडे करून उभे राहा," मी म्हटलं.

"पाहून उभं राहाचं तं भरोसा कायचा?" ते म्हणाले. "पाहत अस्लो तं मीबी उडी मारीन ना. मंग तुमाले काय समजन, ब्रेक चांगला हाये का माहे पाय चांगले हायेत?"

भीती वाटत नाही का, असं त्यांना विचारणारी मी काही पहिली नव्हते. त्याचं उत्तर त्यांच्या नावात होतं. त्यांच्या आधीची दोन लेकरं वाचली नाहीत, म्हणून आईने या तिसऱ्याला सुपात घालून गावच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं. शेजारणीने उचललं आणि परत आईच्या पदरात घातलं. टाकून दिलेल्या लेकराकडे मरण बघत नाही असा आमच्याकडचा समज. "मराचंच अस्तं तं तवाच मेलो अस्तो," उकंडभाऊ म्हणत आणि वर चहाचा घोट घेत.

माणूस गोड वगैरे अजिबात नव्हता. इंजिनचं काही विचारलं तर तोंड फिरवत. "पळवाचं काम करनारे गावात लय हायेत. थांबवाचं काम मी करतो." घाई करणाऱ्याला ते आणखी उशीर लावत. बदललेला जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात देत, आणि तो म्हणाला की मला काय करायचं हे भंगार, तर चिडत. "घरी न्या. बायकोले दाखवा. मी का बदललं ते तिले समजलं पायजे." कुणाच्या बायकोला काय समजलं मला ठाऊक नाही. पण त्यांच्या गिऱ्हाइकांना आपल्या गाडीचं पोट आतून कसं दिसतं हे ठाऊक असायचं, आणि तेवढ्यापुरतं त्यांना कुणी फसवू शकत नसे.

एकदा मी तिथे पोत्यावर बसलेली असताना एक पांढरी मोठी गाडी आली. मालक कंत्राटदार होता आणि समोरच्या काचेवर कुठल्याशा पदाची पाटी होती. त्याला दुसरीकडून आणलेले स्वस्तातले पॅड बसवून हवे होते. उकंडभाऊंनी एक पॅड नखाने खरवडला. भुसा निघाला. "हे मी लावत नाई," ते म्हणाले.

"तुले उभं राहायचं नसन तं नोको राहू. लाव अन् गाडी दे."

"ज्या गाडीपुढं मी उभा राहत नाई, ते गाडी हातानं बनवतबी नाई."

कंत्राटदाराने आवाज चढवला. हे आवार कुणाच्या कृपेने तुझ्याकडे आहे ते पाहून घेईन, वगैरे वगैरे. उकंडभाऊंनी उघडलेलं चाक जमिनीवर आडवं टाकलं, त्याच्यावर बसले आणि डबा उघडला. ज्वारीची भाकर, ठेचा. तीन चाकांवर उभ्या गाडीचा मालक उन्हात बडबडत राहिला आणि हे सावकाश जेवत राहिले. जेवण संपल्यावर हात धुतले आणि विचारलं, "चांगले पॅड आनता का चाक लावून देऊ, जसं आलं तसं?" चांगले पॅड आले. कंत्राटदार रेघेवर थांबला तेव्हा त्याच्याच कपाळावर घाम होता.

तर अशा माणसाबद्दल मी गावभर सांगत सुटले होते यात नवल नाही. माझ्या समोरच्या घरात गावंडे सर आणि गावंडे बाई राहत. सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत, करारी, दोन गल्ल्या पलीकडच्या पोरांनाही त्यांचा धाक. त्यांची जुनी गाडी मीच उकंडभाऊंकडे पाठवली. "डोळे मिटून जा," असं म्हणाले होते मी. पुढे या वाक्याची मला लाज वाटणार होती.

उकंडभाऊंनी सरांच्या गाडीचे मागचे लायनर बदलले. ब्रेक ऑइल पाहिलं, ते काळं पडलेलं होतं. बदलून टाकू, म्हणाले. सर म्हणाले, पुढच्या खेपेला करू, आज घाई आहे. एरवी उकंडभाऊ अशा घाईला दाद देणारे नव्हते. पण त्या दिवशी ते रेघेपुढे जाऊन उभे राहिले, सरांनी गाडी आणली, गाडी जागच्या जागी थांबली. "थांबली?" "थांबली." त्यांनी किल्ली देऊन टाकली.

दोन दिवसांनी सर आणि बाई चिखलदऱ्याला गेले. परतताना अर्धा घाट उतरल्यावर ब्रेकचं पेडल सरांच्या पायाखाली एकदम मऊ पडलं आणि तळाला टेकलं. सरांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दरीकडे घातली नाही, म्हणून दोघं वाचले. सरांना खरचटलं. बाईंचा डावा हात दोन ठिकाणी मोडला.

ब्रेकचं जुनं ऑइल हवेतलं पाणी पिऊन बसलेलं असतं. सपाट रस्त्यावर ते काही बोलत नाही. घाटात ब्रेक तापतात, ते पाणी उकळतं, बुडबुडे होतात, आणि पाय कितीही दाबला तरी खाली फक्त हवा असते. हे मला उकंडभाऊंनीच सांगितलं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून. बातमी कळताच ते बडनेऱ्याहून सायकलने आले होते. "मले मालूम होतं मॅडम. हेच तं मले मालूम होतं," ते सारखं म्हणत होते.

त्यांना सुटायला किती वाटा होत्या. सर स्वतः म्हणत होते की ऑइल बदलू नका असं मीच सांगितलं. माझा भाऊ वकील. मी त्याला मुद्दाम उकंडभाऊंकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "तुम्ही फक्त एवढंच बोला, की गिऱ्हाइकाने नकार दिला होता. ते खरंच आहे. त्यापुढे एक शब्द बोलू नका."

"ते खरं हाये," उकंडभाऊ म्हणाले. "पन ते अर्धं हाये. कंत्राटदारानं नाई म्हटलं तं मी चाकावर बसलो. सरानं नाई म्हटलं तं मी कावून नाई बसलो? कावून का गाडी रेघेवर थांबली. मले वाटलं झालं. मी त्याहीले इचारलंबी नाई का कुठं जाऊन राहिले."

"अहो, पण हे बोलून दाखवायची गरज काय?" भाऊ वैतागला.

"मंग काय, पोटात ठिवू?"

दुसऱ्या दिवशी उकंडभाऊ दवाखान्यात बाईंच्या खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चूक माही हाये." प्लास्टरमधला हात सावरत बाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि ते जाईपर्यंत वळल्या नाहीत. मी तिथेच होते. दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी ते मला कळलं नाही, म्हणून मी ग्लासात पाणी ओतत बसले.

मग शेडवर दुसरी पाटी लागली. 'फक्त ब्रेक'च्या खाली, त्याच रंगाने, त्याच हाताने: 'गावंडे सरांच्या गाडीत माझी चूक झाली. ऑइल जुनं होतं, मी जाऊ दिलं. बाईंचा हात मोडला.'

पाहणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. शेजारच्या पंक्चरवाल्याने समजावलं, भाऊ, लोक एका महिन्यात विसरतात, तू कावून त्याहीच्या डोयापुढं लटकवून ठिवतं? उकंडभाऊ म्हणाले, "ज्याले याचं हाये त्यानं वाचून यावं. न वाचता आलेलं गिऱ्हाइक मले नोको."

गिऱ्हाइकं वाचत आणि तशीच पुढे जात. आवार रिकामं पडलं. या माणसापाशी दुसरी कुठलीच इस्टेट नव्हती. 'उकंड्याने पाहिलेला ब्रेक' एवढा शब्द होता, तोच त्याने स्वतःच्या हाताने भर रस्त्यावर टांगला होता. मला हे सगळं फार थोर वाटलं, आणि तरीही मी जायचं बंद केलं. हे सांगायला हवं. मी काचेच्या खोलीत जाऊन कॉफी प्यायले, दाखवली ती यादी करून घेतली आणि सही केली. बडनेऱ्यातून जाताना जुना रस्ता टाळून नव्या पुलावरून जाऊ लागले. कौतुक लांबून करणं सोयीचं असतं.

चारेक महिन्यांनी एका रविवारी सकाळी गावंडे बाई माझ्या फाटकाशी आल्या. प्लास्टर निघालं होतं. हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता. त्यांची गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती. सर तिला हात लावायला तयार नव्हते. विकून टाकू म्हणत होते.

"मले त्या बडनेऱ्याच्या मानसाकडं ने," बाई म्हणाल्या. "गाडी मी चालवते. तू मांगं बस."

"बाई, तुमचा हात..."

"हात माहा हाये. तू बस."

वाटेत गिअर टाकताना दर वेळी त्यांचे ओठ आवळले जात. आवारात शिरल्यावर त्यांनी गाडी पाटीखाली उभी केली, उतरल्या, चष्मा लावला आणि पाटी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. शाळेत वह्या तपासतात तशी. मग शेडकडे वळून म्हणाल्या, "वाचून आली मी. ब्रेक पाहून द्या."

उकंडभाऊ उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण चार महिन्यांचा जाब विचारला नाही. तो विचारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी बाईंना पोतं दुमडून दिलं. चारही चाकं काढली. ऑइल सगळं उपसून नवं भरलं, आणि जुनं एका काचेच्या बाटलीत घालून बाईंच्या हातात दिलं. मग आधी कधीच विचारत नसत ते विचारलं. "बाई, गाडी कुठं न्याची हाये?"

"ते मंग सांगते."

आता त्यांची पद्धत बदलली होती. रेघेवरची परीक्षा आवारात होत नसे. गिऱ्हाईक क्वचितच येई, पण जे येई त्याला ते शहराबाहेर पोहरा गावाकडच्या उतारावर नेत. आम्ही तिघं निघालो. बाई चालवत होत्या, शेजारी उकंडभाऊ, मागे मी. उतार तीनदा उतरलो, ब्रेक दाबत दाबत, चाकांतून जळका वास येईपर्यंत. मग तळाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, चपलेच्या टाचेने मातीत रेघ ओढली आणि सात पावलं चालून गेले. चहा नव्हता, म्हणून हात मागे बांधले. पाठ आमच्याकडे.

बाईंनी गाडी मागे घेत चढावर नेली. तिथे थांबल्या. इंजिन चालू होतं. समोर उताराच्या तळाशी एक मळकट निळा सदरा, मान किंचित वाकलेली. मी बाईंचा आरशातला चेहरा पाहिला. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली, आणि ती ब्रेकची नव्हती.

"अजून दुखते," बाई हळूच म्हणाल्या, हाताकडे पाहत. मग गिअर टाकला.

गाडी रेघेवर थांबली. अगदी रेघेवर. धूळ पुढे गेली आणि त्या सदऱ्यावर बसली.

"थांबली?" उकंडभाऊंनी न वळता विचारलं.

बाई बोलल्या नाहीत. मी तोंड उघडलं तर त्यांनी आरशातूनच मला गप्प केलं. उकंडभाऊ उभेच राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि वळलेही नाहीत. त्यांचा नियम त्यांनाच लागू पडत होता. बऱ्याच वेळाने बाईंनी दार उघडलं, सात पावलं चालत गेल्या, त्यांना वळसा घालून समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माया तोंडाकडं पाहून इचारा," त्या म्हणाल्या.

"थांबली का, बाई?"

"ते मी घाट उतरल्यावर सांगीन. रेघेवर तं तवाबी थांबली होती." त्यांचा आवाज शाळेतला होता. "पुढं पाठ करून उभं राहून काय होते? मी चिखलदऱ्याले चालली, आत्ताच. मांगं बसा. घाट मी उतरवते."

मी उकंडभाऊंना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. धावत्या गाडीपुढे पाठ करून उभा राहणारा हा माणूस गाडीच्या मागच्या दाराकडे असा पाहत होता, जणू ते विहिरीचं तोंड आहे. मग त्यांनी सदऱ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "चला. हत्यारं घेतो."

"हत्यारं नोका घेऊ. असेच बसा."

ते तसेच बसले. मी उतरले. माझं शहरात काम आहे असं काहीतरी म्हणाले, पण खरं कारण बाईंनाही कळलं होतं आणि मलाही. ती जागा माझी नव्हती. रिक्षासाठी उभी राहून मी गाडी वळताना पाहिली. मागच्या सीटवर मधोमध उकंडभाऊ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, रिकामे, तोंड थेट समोरच्या काचेकडे. त्यानंतर महिन्याभरात मी बिऱ्हाड अकोल्याला हलवलं आणि त्यांना भेटायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. डोळ्यांपुढे येतात ते असेच, बसलेले.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला बाईंचा फोन आला. पलीकडे परतवाड्याच्या बाजाराचा गलबला होता.

"उतरलो," त्या म्हणाल्या. "सारा घाट बुवा मांगं बसून होता, तोंडातून शब्द नाई काढला. खाली आल्यावर इचारलं त्यानं."

"मग?"

"मंग काय," बाई म्हणाल्या. "सांगतलं त्याले. थांबली म्हनून."